बरोबरीचा आनंद कोणाचा?

वाचक माउलींनो, या पानावर आम्ही चेंडूच्या खेळाविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल, काहींना थोडा रागही येईल. आम्ही स्वतः फुटबॉल कधी खेळलो नाही. लहानपणी हुतुतू आणि आट्यापाट्या एवढीच आमची मजल. परंतु प्रश्न जेथे भेटेल तेथे त्याला गाठावे लागते. तो देवळाच्या पायरीवरच भेटेल असा करार त्याने कोणाशी केलेला नाही. आम्हांला हा प्रश्न भेटला तो एका मुलाच्या डोळ्यांतल्या पाण्यात, आणि ते पाणी फुटबॉलचे होते.

झाले ते असे. सन २०१९, सप्टेंबरची १० तारीख. गणपतीचे दिवस, अनंत चतुर्दशी दोन दिवसांवर आलेली. रात्री आरती-भजन आटोपून आम्ही टाळ पिशवीत घालीत होतो. इतक्यात आमच्या आळीतला एक मुलगा धावत आला. कॉलेजात जातो, आणि आषाढीच्या वाटेवर आमच्याच दिंडीत टाळही धरतो. धापा टाकीत म्हणाला, "बुवा, आपण कतारला रोखलं!"

आम्ही म्हटले, "म्हणजे जिंकलो का रे?"

"नाही हो बुवा. शून्य-शून्य."

"आपले गोल किती?"

"एकही नाही."

"त्यांचे?"

"त्यांचाही नाही."

"मग झालं काय?"

त्याने आमच्याकडे असे पाहिले, की जणू आम्ही पंढरपुरात उभे राहून चंद्रभागा कुठे म्हणून विचारीत आहो. मग तो पायरीवर बसला आणि त्याने सगळे समजावून सांगितले. ते ऐकल्यावर आमच्या ध्यानात आले की काहीतरी झाले होते खरे.

कतार हा अरबस्तानच्या किनाऱ्यावरचा लहानसा देश. परंतु त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच्या संघाने अंतिम सामन्यात जपानला ३-१ असे हरवून आशियाचे अजिंक्यपद मिळविले होते. पुढची, म्हणजे २०२२ सालची विश्वचषक स्पर्धाही त्यांच्याच अंगणी व्हायची होती. त्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत भारत त्यांच्या गटात पडला. पाचच दिवसांपूर्वी कतारने अफगाणिस्तानवर सहा गोल चढविले होते. आणि त्याच दिवशी आपण गुवाहाटीला, घरच्या मैदानावर, ओमानशी हरलो होतो. तेही ८२व्या मिनिटापर्यंत एका गोलाने पुढे असताना. अशा अवस्थेत आमचा संघ दोहा शहरी त्यांच्या घरी खेळायला गेला. कर्णधार सुनील छेत्री, ज्याच्यावर गेली कित्येक वर्षे संघाचा सारा भार, तो तापामुळे खेळू शकला नाही. तेव्हा निघतानाच लोक एकमेकांना विचारीत होते, की किती गोलांनी हरणार?

आणि हरले नाहीत. कतारच्या खेळाडूंनी गोलाच्या दिशेने पंचवीसहून अधिक फटके मारले. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू, जो त्या रात्री कर्णधारही होता, कधी उजवीकडे झेपावला, कधी डावीकडे, कधी पायाने, कधी बोटांच्या टोकांनी चेंडू परतवीत राहिला. त्याच्या पुढे बचावाला उभे होते मुंबईचा राहुल भेके, चंदीगडचा संदेश झिंगन, आणि गोव्याचे आदिल खान व मंदार राव देसाई. मधल्या फळीत रॉलिन बोर्जेस, तोही गोव्याचाच. आमच्या मराठी-कोकणी मुलखाची एवढी पोरे एका वेळी तेथे उभी होती हे ऐकून आम्हीही जरा सरसावून बसलो, हे कबूल केले पाहिजे. शेवटी शेवटी तर उदांतसिंगाचा एक फटका जाळ्यात जायचा तो थोडक्यात हुकला.

"तेवढा आत गेला असता ना बुवा!" मुलगा हळहळला.

तेव्हा आम्ही मनात म्हटले, पाहा मनाची गंमत. संध्याकाळी जो नुसते "अब्रू राहू दे" म्हणत होता तोच सामना संपल्यावर विजय हुकल्याबद्दल हळहळतो आहे! नव्वद मिनिटांत अपेक्षा कुठून कुठे चढली.

आपल्या भाषेत एक सुंदर प्रयोग आहे. हार होते, जीत होते, पण सामना बरोबरीत 'सुटतो'. शाळा सुटावी, गाठ सुटावी, कोर्टातून माणूस सुटावा, तसा. त्या रात्री त्या मुलाच्या आनंदात निम्मा भाग या सुटण्याचाच होता.

आमच्या मंडळींत एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. बोलणे कडक, पण मन निर्मळ. ते शेजारी बसून सगळे ऐकत होते. ते एकदम म्हणाले, "हरलो नाही म्हणून नाचायचं, ही कसली रे तुमची पिढी? १९६२ साली जकार्त्याला आपण कोरियाला हरवून आशियाई सुवर्णपदक घेतलं होतं. त्याआधी १९५६ला मेलबर्नच्या ऑलिंपिकात चौथे आलो होतो. १९६०ला रोमच्या ऑलिंपिकात फ्रान्सशी आपली १-१ बरोबरी झाली. आपण पुढे होतो, त्यांनी शेवटी शेवटी फेडली. तेव्हा विजय हातचा गेला म्हणून लोक चुकचुकले. आणि तुम्ही बरोबरीला पेढे वाटता! ही तृप्ती नव्हे, लाचारी आहे."

मुलगा गप्प झाला. आम्हीही त्या वेळी काही बोललो नाही, कारण बोलणे खोटे नव्हते. पोटभर जेवण मागायचे सोडून जो शिळ्या तुकड्यावर हात जोडतो त्याला संतोषी म्हणावे की पिचलेला म्हणावे, हा प्रश्न खरा आहे. 'समाधान' हा आपल्या मंडळींचा आवडता शब्द. पण या शब्दाआड आळसही लपतो आणि भित्रेपणाही लपतो, हे आपण जाणतो. जो आधीच अपेक्षा खाली ठेवतो त्याला दुःख कमी होते, पण तो हिशेब वाण्याचा. त्यात कसली आली शांती?

तरीही मुलाच्या डोळ्यांतले पाणी आम्हांला लाचारीचे वाटेना. घरी जाऊन पडलो, पण विचार सुटेना. मग वारीतली एक गोष्ट आठवली. ती आपणा सर्वांच्या पाहण्यातली आहे. आळंदीहून निघालेला वारकरी ऊन-पाऊस खात, पायाला फोड येत पंढरीला पोचतो. दर्शनबारी इतकी लांब, की दीड-दोन दिवस उभे राहावे लागेल. मागे शेत पेरणीला थांबलेले, बरोबर म्हातारी माणसे. तो बिचारा कळसाला हात जोडतो आणि परत फिरतो. त्याची वारी पोचली नाही असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? आता दुसरा एक जण मोटारीने येतो, गर्दी पाहून गाडीची काचही खाली न करता म्हणतो, "दिसला कळस, झालं आपलं." शब्द तेच, दिसलेला कळसही तोच. पण पहिल्याच्या त्या दर्शनामागे अडीचशे किलोमीटरांची वाट आहे, दुसऱ्यामागे काही नाही.

तद्वत त्या अकरा जणांची बरोबरी. अंगातले सर्व वेचून झाल्यावर जे हाती लागले ते कमी असले तरी उणे नसते. गुरप्रीतसिंग त्या रात्री मैदानाबाहेर येताना तृप्त असेल तर त्याला लाचार म्हणणारे आम्ही कोण? कष्ट करण्याच्या आधी समाधान मानणे वेगळे आणि करून सवरून झाल्यावर समाधान पावणे वेगळे. एवढ्यापुरते त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही उत्तर दिले, आणि त्यांनी ते मान डोलावून घेतलेही.

परंतु येथे खरी अडचण सुरू होते. ती वाट खेळाडू चालले. आमचा मुलगा चालला का? तो तर खुर्चीत बसून होता, हातात चहाचा पेला. दोह्याच्या गॅलरीत पोटासाठी तेथे राहणारे आपले कितीतरी लोक होते, तेही बसूनच होते. मग हा आनंद त्यांच्या पदरी कोणत्या हक्काने पडला? आणि तो म्हणाला, 'आपण' रोखलं. कोण आपण?

पाच आठवडे गेले. कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते, १५ ऑक्टोबर. कलकत्त्यास सॉल्ट लेकच्या प्रचंड मैदानावर भारत विरुद्ध बांगलादेश असा सामना झाला. दोह्याच्या बरोबरीने हुरूप आलेला, त्यामुळे साठ हजारांवर लोक जमले. जागतिक क्रमवारीत बांगलादेश आपल्या कितीतरी खाली. मुलाने आग्रहाने आम्हांलाही आपल्या घरी नेऊन बसविले. "बुवा, आज तुम्हांला विजय दाखवतो."

४२व्या मिनिटाला बांगलादेशने गोल केला. मग आपली माणसे धडका देत राहिली, आणि चेंडू काही आत जाईना. ८८व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसने कोपऱ्यावरून चेंडू उचलून दिला आणि आदिल खानने डोक्याने तो जाळ्यात घातला. दोघेही गोव्याचे. सामना १-१ असा बरोबरीत सुटला.

आता गणित पाहावे. बरोबरीला एक गुण मिळतो. दोह्याला एक गुण मिळाला होता, कलकत्त्यालाही एकच मिळाला. दोह्याला आपला एकही गोल नव्हता, येथे तर एक होता, आणि तोही हरता हरता वाचविणारा. हिशेबाने पाहिले तर आनंद थोडा अधिकच व्हावयास हवा! प्रत्यक्षात त्या खोलीत सुतक पडल्यासारखे झाले. मुलाने दूरदर्शनचा आवाज बंद केला आणि म्हणाला, "घालवलं यांनी. यांना काही येत नाही."

आणि वाचकहो, लपवून काय करायचे, त्याच क्षणी आमच्याही तोंडून निघून गेले, "कसले रे हे खेळाडू!"

हे बोलून आम्ही घरी निघालो. आळीच्या वळणावर आलो आणि पाय थबकला. गणपतीच्या रात्री तो म्हणाला होता 'आपण रोखलं'. आज म्हणाला 'यांनी घालवलं'. संघ तोच होता, आदिल खानही तोच. बदलले होते ते फक्त सर्वनाम. मराठीत तर सर्वनामाचीही गरज पडत नाही. जिंकलो, वाचलो, हरलो म्हणताना क्रियापदच सांगून टाकते की बोलणारा आत आहे की बाहेर. 'जिंकलो' म्हणणारी जीभ 'हरले' म्हणते तेव्हा माणूस मधल्या मध्ये उंबरठा ओलांडून बाहेर गेलेला असतो, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. आम्हांला तरी कुठे होता?

दिंडीत हे नेहमी घडते. चाल रंगली, पावली एका ठेक्यात पडली, की घरी येऊन जो तो सांगतो, "काय रंगलो आज आपण!" आणि पखवाज्याचा हात चुकला, ठेका विस्कटला, की लगेच, "त्याने घोळ केला." टाळ आपल्याही हातात होता. आपणही घाई केली असेल, सूर चढविला असेल. ते मात्र कोणाला आठवत नाही.

तेव्हा मुलाच्या आनंदाचा हक्क कोणता, या आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला दोह्यात सापडले नाही, ते कलकत्त्यात सापडू लागले. बघणाऱ्याने घाम गाळलेला नसतो हे खरे, तरी त्याला 'आपण' म्हणू द्यावे. मुलगा परीक्षेत उतरला की न शिकलेली आईही "उतरलो बाई एकदाचे" म्हणतेच ना? तिला कोणी हरकत घेत नाही. पण ती आई मुलगा नापास झाल्यावर "हा नापास झाला" म्हणून शेजारणीत मिसळत नाही. त्या रात्री त्याच्या पुढ्यात ताट ठेवून तीही उपाशी बसते. बघणाऱ्याला 'आपण' हा शब्द उधार मिळतो असे आम्हांला वाटते. आनंदाच्या दिवशी माल घरी येतो, आणि फेड करायची असते ती दुसऱ्या दिवशी. दोह्याच्या रात्री लक्षावधी लोकांनी उधार नेले. कलकत्त्याच्या रात्री दुकानावर किती जण परत आले?

सुनील छेत्रीने हेच एकदा जाहीरपणे मागितले होते. सन २०१८, जूनचा महिना, आपली मुंबई. अंधेरीच्या मैदानावर १ जूनला भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरविले, त्यांतले तीन गोल त्याचे. आणि पाहायला माणसे जेमतेम अडीच हजार! एवढ्या मोठ्या शहरात. दुसऱ्या दिवशी त्याने लोकांना विनविले. त्याचा मथितार्थ असा, की आमचा खेळ परदेशी संघांच्या तोडीचा नाही हे आम्हांला ठाऊक आहे. आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या. ४ तारखेला केनियाशी सामना होता, त्याचा शंभरावा. सगळी तिकिटे संपली, आणि भर पावसात लोक भिजत बसले.

त्या विनवणीतले एक वाक्य आम्हांला फार मोठे वाटते, आणि ते स्तुती मागण्याचे नव्हे. शिव्या द्या पण येऊन द्या! म्हणजे रागवायचे तर घरात येऊन रागवा. घरातला माणूस रागावतो तेव्हा तोही जेवायचा राहतो. रस्त्यावरचा रागावतो आणि पुढे चालू लागतो. आम्ही त्या रात्री "कसले रे हे खेळाडू" म्हटले ते रस्त्यावरून म्हटले होते. राग चुकीचा होता असे नाही. खेळात उणिवा पुष्कळ होत्या, समोरच्या गोलापाशी जाऊन चेंडू दवडण्याची सवय तर जुनीच.

आणखी एक गोष्ट मनाला टोचत राहिली. तीही सांगून टाकतो. त्या रात्री मैदानावर दुसराही एक संघ होता. बांगलादेश पाच दिवस आधी आपल्या घरी, ढाक्याला, कतारशी ०-२ हरून आला होता. कलकत्त्यास येताना त्यांची माणसेही हेच विचारीत असतील, की किती गोलांनी? म्हणजे दोह्याला जे आपण होतो तेच कलकत्त्यास ते होते. साठ हजारांच्या गर्जनेत त्यांनी ८८ मिनिटे दम धरला. ढाक्यात कोणाच्या तरी घरी एक मुलगा कोणा आजोबांकडे धावत गेला असेल, आणि म्हणाला असेल, की आपण भारताला रोखलं. कदाचित तोही हळहळला असेल, की दोनच मिनिटे राहिली होती! दोह्याचा आमचा आनंद खरा मानायचा तर त्याचाही मानावा लागतो. आमच्या खोलीत मात्र त्याच्यासाठी एक शब्द निघाला नाही. आम्ही आमच्या दुःखात इतके गढून गेलो होतो, की तेथे कोणाला काही मिळाले आहे हेच दिसले नाही. आम्हांला वाटते ते आम्हीच टाकून दिले होते. ते त्यांना मिळाले होते.

हे सारे दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला सांगितले. उपदेश म्हणून नव्हे, आमचेही चुकले असे म्हणूनच सांगितले. तो ऐकून घेऊन म्हणाला, "बुवा, तुमचं खरं असेल. पण लई लागतं हो जीवाला. 'ते' म्हटलं की जरा कमी लागतं." या उत्तरावर आम्हांला काही बोलता आले नाही. अजूनही येत नाही. बाहेर जाऊन उभे राहण्याचे हेच कारण असावे, तेथे लागत नाही. हा मुलगा खोटे बोलत नाही म्हणून तो आम्हांला आवडतो.

पुढे महामारी आली आणि खेळ, वाऱ्या, सगळेच थांबले. त्या गटाचे उरलेले सामने २०२१च्या जूनमध्ये दोह्यालाच झाले. ३ जूनला पुन्हा कतार. आमच्याकडे तेव्हा टाळेबंदीचे निर्बंध. कोणी कोणाच्या घरी जात नव्हते, भजनही ज्याच्या त्याच्या ओसरीवर. सामना रात्री साडेदहाला सुरू होणार असे मुलाने फोनवर सांगितले होते. आमच्याने काही जागवले नाही. नंतर कळले ते असे, की १७व्या मिनिटालाच राहुल भेके याला दोन पिवळ्या चिठ्ठ्या मिळून बाहेर जावे लागले, आणि उरलेला सगळा वेळ दहाच जण खेळले. ३३व्या मिनिटाला एक गोल झाला. त्यानंतर मात्र गुरप्रीतसिंगाने दुसरा होऊ दिला नाही.

गटात कतारने आठांपैकी सात सामने जिंकले. जो एक त्यांना जिंकता आला नाही तो ती गणपतीची रात्र. भारत सात गुणांवर तिसरा राहिला आणि विश्वचषकाची वाट तेथे संपली. बांगलादेशच्या पदरी शेवटी दोनच गुण पडले. त्यांतला एक कलकत्त्याचा.

त्या सकाळी, ४ जूनला, आम्ही दूध घ्यायला फाटकापाशी आलो, तो मुलगा समोरच्या ओट्यावर तोंडाला फडके बांधून बसलेला. डोळे तांबडे, रात्रभर झोप नसावी. आम्ही लांबूनच विचारले, "काय रे, काय झालं?"

"हरलो बुवा," तो म्हणाला. "एक गोल. शेवटपर्यंत दहाच जण होतो."

आम्ही दुधाचे भांडे खाली ठेवले आणि फाटकाच्या आत, आमच्या पायरीवर बसलो. मधे रस्ता होता. मग त्याने सावकाश, पहिल्या मिनिटापासून, सगळे सांगायला सुरुवात केली.